मखरासाठी स्प्रे ग्लू वापरताय का कोणी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, यंदा गणपतीचं मखर पुठ्ठ्याचं करतोय, त्यावर वेलवेटचं कापड चिकटवायचंय. फेविकॉलने मागच्या वेळी कापडावर डाग उमटले म्हणून दुकानदाराने स्प्रे ग्लूचा कॅन दिला, काल हॉलमध्ये खिडकी बंद ठेवून मारला (पंख्याने कापड उडत होतं म्हणून तोही बंद, हुशारी बघा माझी) आणि दहा मिनिटांत डोकं गरगरायला लागलं, आईला तर मळमळायला लागलं. मग कॅन नीट वाचला तर ज्वलनशील, आगीपासून लांब ठेवा वगैरे, आणि आमचं देवघर त्याच हॉलमध्ये, समई नुकतीच विझवलेली होती!! ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते म्हणे, घरात रांगणारं बाळ आहे म्हणून जास्तच टेन्शन.

आता उरलेलं काम गच्चीवर नेतोय, पण वाऱ्याने ग्लू भलतीकडेच उडतो, आडोशाला काय लावता? साधा कापडी मास्क वाफेला उपयोगाचा नाही एवढं कळलं, कार्ट्रिजवाला (वाफ शोषणारी डबी लावलेला) मास्क पेंटच्या दुकानात मिळेल का? आणि चिकटवल्यावर किती वेळाने जवळ निरांजन लावलेलं चालेल? वास गेला की झालं, की एक दिवस थांबू? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.