जेवताना समोर स्क्रीन: तुमचे अनुभव लिहा

सांजवेळ
काल भाच्याला भरवणं चाललं होतं. समोर मोबाइल. घास जवळ आला की तोंड उघडायचं, नजर हलत नव्हती. मधेच चार्जिंग संपलं. पोराने ताटाकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. पोट केव्हाच भरलं होतं बिचाऱ्याचं. मला आजी आठवली. वाढण्याआधी ती प्रत्येकाला विचारायची, "भूक किती आहे?" तुमच्याकडे काय चित्र आहे?

अबोली
आमच्याकडे अहो! रात्री मालिकेचा एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू, हात खाऊच्या पाकिटात. जेवण नुकतंच झालेलं असतं, भुकेचा प्रश्नच नाही. आता वाटीत काढून देते, वाटी रिकामी झाली की थांबतात तरी. बाकी नंतर लिहिते, दूध उतू जातंय.

रानवारा
आहारसल्ल्याचं काम करते. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण 20 मिनिटं लागतात, आणि लक्ष पडद्यात असलं की ती कळतच नाही. काय खाल्लं तेही नीट आठवत नाही, म्हणून पुढच्या वेळी जास्त जातं. 1999 साली थॉमस रॉबिन्सन या अमेरिकी संशोधकाचा शाळेतला प्रयोग प्रसिद्ध झाला. तिसरी-चौथीच्या मुलांचा टीव्ही, व्हिडिओ गेम कमी केले. दुसऱ्या शाळेतल्या मुलांच्या मानाने त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, कमी वाढला. टीव्हीपुढची जेवणंही घटली होती. मी पालकांना आधी एवढंच सांगते, निदान एक जेवण पडद्याविना होऊ द्या.

मनमोर
जाहिरातींचं कुणीच बोललं नाही. लेक कार्टून बघते, मधे चॉकलेट येतं, लगेच "आई, भूक लागली". फार संताप होतो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये 13 वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरात करायला 1980 पासून बंदी आहे. सगळीकडे हवी.

पाऊलवाट
मी एकटा राहतो. जेवताना व्हिडिओ लावतो तो घरात माणसाचा आवाज हवा म्हणून. तो बंद केला की दोन घासांत जेवण नकोसं होतं. यावर उपाय आहे कुणाकडे?

अबोली
आले परत. पाऊलवाट, अगदी समजतंय. माझी बहीणही एकटी असते, आम्ही फोन स्पीकरवर ठेवून एकाच वेळी जेवतो. बोलता बोलता ताटाकडे लक्ष राहतं. करून बघा ना.

पाऊलवाट
ताईला आजच विचारतो. 🙏

टिंबटिंब
लहानांना पडदा किती वेळ चालतो पण? माझा दीड वर्षाचा आहे.

रानवारा
जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांपर्यंत नकोच. पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तमच.

टिंबटिंब
सासूबाईंना दाखवते हे. सांजवेळ, तुमचा भाचा केवढा आहे? आमचा हल्ली दाढा येताहेत म्हणून काहीच खात नाहीये.

सांजवेळ
दोनचा होईल आता. दाढांच्या वेळी त्यालाही मऊ, गारच चालायचं. व्यक्तिगत निरोप करते.