आईला डिप्रेशन: उपकेंद्रातल्या मॅडम आणि एक गोळी, एवढ्यावर भागेल का?

मृण्मयी_ठाणे

आई ५८ वर्षांची, कुडाळजवळच्या गावात असते. मी ठाण्यात. बाबा गेल्यापासून तिचं डोकं जड, हातापायांना मुंग्या, रात्री दोनला उठून बसणं सुरू आहे. बीपी, शुगर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं तपासलं, सगळं ठीक. विचारलं की एकच उत्तर, "माका काय्येक झाला नाय, नुसती झोप लागणा नाय." अंगात ताप असला तरी काजूच्या बिया वेचायला जाणारी बाई, यंदा बागेकडे फिरकली नाही.

आशाताई घरी फॉर्म भरायला आल्या, त्यात मन लागतं का, उदास वाटतं का असे दोन प्रश्न होते. त्यांनीच तिला उपकेंद्रात नेलं. तिथल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमनी नऊ प्रश्नांची यादी विचारून २७ पैकी १६ गुण लिहिले; गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी डिप्रेशनवरची एसिटालोप्रामची गोळी सुरू केली. आता दर बुधवारी मॅडमकडे जाऊन बसायचं आहे. मामा चिडलाय, "गप्पा मारून दुखणा बरा होता काय?"

मानसोपचारतज्ज्ञ अजून एकदाही भेटलेले नाहीत, ही माझी खरी काळजी. थेट खासगी तज्ज्ञाकडे न्यावं का? गोळीची सवय लागते का?

बार्देसकर_समुपदेशक

मृण्मयीताई, मी गोव्यात हेच काम केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मामांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या शेजारीच शोधलं गेलंय. गोव्यात 'संगत' ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाने 'मानस' नावाचा मोठा अभ्यास केला. १२ सरकारी केंद्रं, १२ खासगी दवाखाने. समुपदेशक म्हणून स्थानिक माणसं घेतली, आरोग्याचं आधी काही न शिकलेली. सोबत केंद्राचे डॉक्टर आणि गरजेपुरते मानसोपचारतज्ज्ञ. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले: सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी साधारण ६६ टक्के लोक बरे झाले होते, नेहमीच्या पद्धतीत ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. तेही सांगायला हवं.

त्याच गटाचा गोव्यातलाच नंतरचा अभ्यास तुमच्या आईला आणखी लागू पडतो. त्यात घेतलेल्यांचे गुण २७ पैकी १४ च्या वर होते. १० केंद्रं, सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोकांचे गुण १० च्या खाली आले, समुपदेशन न मिळालेल्यांत ३९ टक्के.

बैठकीत नुसत्या गप्पा नसतात हो. आईला विचारतील, आधी दिवस कसा जायचा, त्यातलं काय सुटलं. मग एकच बारीक काम ठरेल: मंगळवारी चहा झाल्यावर शेजारणीसोबत बागेच्या गडग्यापर्यंत जाऊन यायचं, बिया वेचायच्या नाहीत. आल्यावर बरं वाटलं की वाईट, तेवढं वहीत लिहायचं. पुढच्या वेळी त्यात थोडी भर. मन लागलं की काम करेन असं आजारी माणूस म्हणतं. आम्ही उलटीकडून सुरुवात करायचो. आमच्या बैठका रुग्णाला विचारून रेकॉर्ड व्हायच्या आणि आम्ही एकत्र बसून ऐकायचो, कुठे घाई केली, कुठे उगाच उपदेश केला. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकताना जीव नकोसा होतो, पण काम त्यातूनच सुधारतं.

तज्ज्ञाला कधी भेटवायचं यापेक्षा आधी दोन गोष्टी विचारा. गुण पुन्हा कधी काढणार? आणि आई बुधवारी आली नाही, तर फोन कोण करणार? अमेरिकेत २००२ साली साठीपुढच्या १८०१ रुग्णांवर असाच अभ्यास झाला. तिथेही एक व्यक्ती पाठपुरावा करायची, गुण मोजायची आणि जे सुधारत नाहीत त्यांची यादी तज्ज्ञापुढे ठेवायची. तज्ज्ञ प्रत्येकाला तपासत नव्हते. गोळी लिहून दिली आणि पुढे कुणी विचारलंच नाही, तर त्या गोळीचा भरवसा मला वाटत नाही.

डॉ_वैद्यकीय_अधिकारी

वर लिहिलेल्याशी सहमत. ओपीडीत रांग लागलेली असताना मी आईंना दोन मिनिटं देऊ शकतो, मॅडम अर्धा तास देतात. त्या माझ्या बदली काम करत नाहीत, जे मला जमत नाही ते करतात.

गोळीचं सांगतो. दोन ते चार आठवडे फारसा फरक वाटणार नाही, सुरुवातीला मळमळ होऊ शकते. व्यसनासारखी सवय लागत नाही, पण अचानक बंद करायची नाही. बरं वाटल्यावरही काही महिने घ्यावी लागते, आणि लोक नेमकी तिथेच सोडतात. आई दुसरी कोणती औषधं घेतात ते केंद्रात नक्की सांगा.

तज्ज्ञाकडे ताबडतोब न्यायचं ते कधी: नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का याला, "हो" आलं तर; खाणंपिणं सुटलं, भास झाले, किंवा पूर्वी कधी अति उत्साहाचे, झोपच नको असे दिवस येऊन गेले असतील तर. दीड-दोन महिन्यांत १६ चे निम्मेही झाले नाहीत, तर डोस किंवा औषध बदलायला हवं, तेव्हाही तज्ज्ञाचं मत घ्यायचं. रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

मृण्मयी_ठाणे

मनापासून आभार. मॅडमना फोन केला. गुण दर महिन्याला काढतात, आणि जिल्हा रुग्णालयातल्या तज्ज्ञांशी त्या व डॉक्टर फोनवर बोलतात म्हणाल्या. नवव्या प्रश्नाला आईने "नाही" म्हटलंय. आई आली नाही तर आशाताई घरी जातील, पण त्यांनाही दहा कामं, म्हणून माझा नंबर वहीवर लिहून घ्यायला सांगितला. खासगी तज्ज्ञाचं सध्या थांबवते.

एकच विचारायचं राहिलं. मामा बुधवारी सोबत जायला तयार झालाय. त्याला बैठकीत बसू द्यावं का?

बार्देसकर_समुपदेशक

आईला विचारा, ती हो म्हणाली तर शेवटची पाच-दहा मिनिटं. आधीचा वेळ तिचा एकटीचा राहू दे. आणि मामांना तेव्हाच एक काम द्या: रात्रीची गोळी घेतली का ते विचारायचं, बाकी काही नाही.