मदत हवी आहे: आबांना पोटाचं डायलिसिस जमेल का? (कोपरखैरणे)

नमस्कार मंडळी,

आमचे आबा ६१ वर्षांचे. वाशीच्या दाणाबंदरात माथाडी होते, पाठीवर पोती वाहण्यात जन्म गेला. बीपीने दोन्ही किडन्या गेल्या. गेल्या दिवाळीपासून मंगळवार-शुक्रवार मशीनवर डायलिसिस चालू आहे. योजनेत बसल्याने पैसे पडत नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण चार तास मशीनवर आणि घरी आल्यावर पायात गोळे, कधी उलटी. तो दिवस गेलाच. दिवसभराचं पाणी आई सकाळीच एका जुन्या बाटलीत भरून ठेवते, पाऊण लिटर, चहा धरून. रात्री आठच्या सुमारास ती रिकामी होते. आबा उठून ती ओट्यावर पालथी घालून ठेवतात. बोलत काही नाहीत.

खरी अडचण गावाची आहे. गाव पाटण तालुक्यात, ढेबेवाडीच्या वर. डायलिसिसला कराड गाठायचं, तिथे पाहुण्या पेशंटला बेड मिळेलच असं नाही. गणपतीला जायचं तर मंगळवारी मशीनवरून उठून गाडी धरायची आणि शुक्रवारी सकाळी परत. यंदा आबाच म्हणाले, राहू दे.

पीडीबद्दल (पेरिटोनियल डायलिसिस, म्हणजे नळीतून पोटात पाणी भरून घरीच करायचं डायलिसिस) मी सेंटरवर विचारलं, तर "तुमच्या घरात नाही जमणार" एवढंच उत्तर मिळालं. आमचं बैठं घर आहे, दहा बाय बाराची खोली आणि वर माळा. ते कुणी बघितलेलं नाही, पत्त्यावरून ओळखलं असणार.

तर, घर लहान असलं की खरंच जमत नाही का? आबांचं दहा वर्षांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालंय, जाळी बसवली आहे. ते आड येईल का? आणि खर्च किती?

*

माई_नेरूळ: माझे मिस्टर चार वर्षं पीडीवर आहेत. आमचंही वन बीएचके आहे, फार मोठा फरक नाही. दिवसाला तीन एक्स्चेंज, म्हणजे पोटातलं जुनं पाणी काढून नवं भरायचं, दोन-दोन लिटरच्या पिशव्या. हिशेब करा, महिन्याला नव्वद पिशव्या, म्हणजे पावणेदोनशे किलोच्या वर माल. दिवाणाखाली, कपाटावर, देव्हाऱ्याच्या शेजारी, सगळीकडे खोकी. तुमच्याकडे माळा आहे ना? पण माळ्यावरून रोज कोण उतरवणार, ते आधी ठरवा.

जागा मोठी नको, शिस्त मोठी हवी. एक्स्चेंजच्या वेळी पंखा बंद, खिडकी बंद, दोघांच्या तोंडाला मास्क, हात साबणाने नीट धुवायचे. नातू तेवढा वेळ बाहेर. निघालेली पिशवी मी पेपरवर ठेवते, पाण्यातून अक्षरं वाचता आली की ठीक. एकदा दुसऱ्या वर्षी हेडलाईनसुद्धा दिसेना, पाणी पेजेसारखं. पोटात इन्फेक्शन. पिशवी न टाकता तशीच घेऊन रिक्षाने हॉस्पिटल गाठलं, म्हणून निभावलं.

पैशाचं खरं सांगते, आम्हाला महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास जातात, सगळे खिशातून. मिस्टरांच्या पेन्शनवर चाललंय.

कावळा_१९: एवढं सोयीचं असतं तर सगळ्यांनी तेच केलं नसतं का? खासगीवाल्यांचं खूळ आहे. मशीनवर फुकट होतंय ते सोडून कशाला?

घोडबंदर_सिस्टर: कावळेदादा, सगळे का करत नाहीत त्याचं उत्तर तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. जिथे सरकार पैसे देतं तिकडे पेशंट जातो. आपल्याकडे २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला तो मशीनचा. पीडीच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या. मधल्या काळात सेंटरं, टेक्निशियन, सवयी सगळं मशीनभोवती उभं राहिलं. जगभरातही डायलिसिसच्या शंभरात साधारण अकराच जण पीडीवर आहेत.

उलट हाँगकाँग बघा. तिथे १९८५ पासून आधी पीडी, जमत नसेल तर मशीन, असं धोरण आहे आणि बहुतेक पेशंट पीडीवरच आहेत. तिथली घरं किती मोठी असतात ते सांगायला नको. थायलंडने २००८ मध्ये हेच सरकारी योजनेत आणलं, पिशव्या पोस्टाने घरपोच. पुढे २०२२ मध्ये पेशंटला निवड दिली.

आता आबांचं. दुरुस्त केलेला हर्निया म्हणजे पीडीला नकार नव्हे. पण पोटात दोन लिटर पाणी भरल्यावर दाब वाढतो, कमजोर जागा असेल तर ती परत फुगते. म्हणून नळी बसवण्याआधी सर्जनला पोट दाखवा, आणि वजन उचलणं बंद. शुगर आहे का तेही सांगा, कारण त्या पाण्यात ग्लुकोज असतं. पाण्यावाटे प्रोटीन जातं, तेव्हा अंडी-डाळीचं डॉक्टरांना विचारून ठरवा. पोटॅशियमची धास्ती मात्र मशीनपेक्षा कमी, लघवीही जास्त दिवस टिकते. अजून होते का त्यांना?

गावी लाईट गेली तरी हाताने करायच्या पीडीचं अडत नाही. रात्री झोपेत पोटातलं पाणी आपोआप बदलणारं पीडीचं मशीन घेतलंत तर वीज लागेल. पिशवी गरम पाण्यात बुडवू नका, कोरड्या उबेने कोमट करा. फिस्टुला (मशीनच्या सुयांसाठी हातावर केलेली शिरेची जोड) आहे तसा जपा, कधी परत मशीनवर यावं लागलं तर तोच कामाला येतो.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. माई, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय. सिस्टर, हो, लघवी होते, दिवसाला दोनेक पेले. शुगर नाही.

काल दुसऱ्या नेफ्रोंना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा आबांनाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" आबा म्हणाले, पिशवी दोन किलोची ना, मी शंभर किलोचं पोतं उचललंय. मग सिस्टरनी सांगितलेलं वजनाचं सांगितलं तर गप्प बसले. सोमवारी सर्जन बघणार आहेत.

पैशाचं कोडं सुटलेलं नाही. भाऊ निम्मा वाटा उचलतो म्हणतोय, पण त्याच्या नोकरीचा भरवसा नाही. तरी एक विचारतो: कराड-पाटणकडे कुणाच्या घरी पिशव्या पोचतात का? २०२१ च्या पावसात आमच्या तालुक्यात दरडी कोसळल्या होत्या, रस्ते बंद होते. गणपतीला दहा दिवस राहायचं तर तीस पिशव्या इथूनच गाडीत घालून नेऊ का?