जावाकाका गेले (सोसायटीच्या ग्रुपवरून)

सेक्रेटरी (ए-101): कळविण्यास अत्यंत दुःख होते की सी विंगमधले आपले जावाकाका आज पहाटे गेले. अंत्यविधी 11 वाजता, वैकुंठ. आज ग्रुपवर गुड मॉर्निंगचे मेसेज नकोत.

बी-204: काय सांगता! परवाच तर पार्किंगमध्ये पॉलिश पेपरने त्या जुन्या जावा मोटरसायकलचे पॉइंट घासत बसले होते.

सी-103: भावपूर्ण श्रद्धांजली

ए-402: भावपूर्ण श्रद्धांजली

डी-102: मी नवीन जावा घेतली तेव्हा पहिल्यांदा काकांनाच दाखवायला नेली. भोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "छान आहे. पण फोर स्ट्रोक ना, आवाज शहाण्या मुलासारखा येतो."

बी-204: वैकुंठाहून आलो. बसवत नाहीये, म्हणून लिहितो. मी गाडी शिकलो ती त्यांच्याच जावावर. किक आणि गिअरची दांडी एकच, तीही डावीकडे. आत दाबून उभी केली की किक, खाली पाडली की गिअर. पहिले दोन दिवस नुसती दांडी उभी-आडवी करायला लावली, पेट्रोलचा कॉक बंद ठेवून. अकरावीच्या सुट्टीत मी शहाणपणा केला. न सांगता खडकवासल्याला नेली, वाटेत पेट्रोल भरलं, त्यात मिसळायचं टूटी ऑइल टाकायचं विसरलो. नांदेड फाट्याच्या पुढे मागचं चाक एकदम लॉक, पिस्टन जाम. एसटीडी बूथवरून फोन केला. काका रिक्षाने आले. ओरडतील म्हणून मान खाली घालून उभा होतो, तर म्हणाले, "चल, चहा घेऊ. गार झालं की सुटेल." आणि सुटलं खरंच. पण सिलिंडरच्या बोअरवर ओरखडे आलेच होते. बोअरिंगच्या खर्चाचं नावसुद्धा काढलं नाही. पुढचे सहा रविवार मात्र जुन्या बाजारात आणि नाना पेठेत पिशवी धरायला नेलं. गंजलेल्या ढिगातून एखादा नट उचलून नुसत्या बोटांनी आटे ओळखायचे, तो माणूस.

ए-402: जावाचा म्हैसूरचा कारखाना 1996 ला बंद पडला, तेव्हा म्हणे काकांनी दाढी केली नव्हती?

सी-201: तेरा दिवस. सुतकच. काकूंनीच सांगितलं होतं हळदीकुंकवाला. वर म्हणाल्या, "मला सख्खी जाऊ नाही, पण ही एक जावा जन्मभर डोक्यावर बसलीय."

बी-301: एक सांगायचं आहे. धुराची लेखी तक्रार केली होती ती मी. त्यानंतर काका रोज गाडी ढकलत गेटबाहेर न्यायचे आणि तिथे किक मारायचे. सव्वाशे किलोच्या वरचं धूड, माणूस सत्तरीचा. मी गॅलरीतून बघायचो. एकदाही "राहू द्या" म्हणालो नाही.

सी-103: वाईट वाटून घेऊ नका. धूर व्हायचाच.

डी-304: काकूंना मदत म्हणून विचारतो, ओळखीचा भंगारवाला आहे. चांगला भाव देईल.

डी-102: भंगार????

बी-204: दादा, हा मेसेज डिलीट करा. काकू ग्रुपवर आहेत.

सेक्रेटरी (ए-101): पार्किंगच्या जागेचा विषय आत्ता कोणीही काढू नये. गाडी आहे तिथेच राहील. काकूंना ती नावावर करून घ्यायची असेल तर आरटीओचा फॉर्म 31 असतो, मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. मी बरोबर जाईन.

बी-204: टाकीतलं पेट्रोल काढून ठेवतो. उभं राहिलं की पेट्रोल उडतं, ऑइल चिकटून कार्ब्युरेटरचा जेट चोकअप होतो. सीट पण झाकतो, मांजर बसतं.

*(पंधरा दिवसांनी)*

सी-302 काकू: सगळ्यांनी केलंत, कोणाकोणाचे आभार मानू. जावाची किल्ली सापडत नव्हती, ती देव्हाऱ्याच्या खणात मिळाली. किल्ली कसली, खिळाच तो. मी वाती ठेवते तिथेच ठेवलेला. दोनदा टाकून द्यायला निघाले होते. गाडी उभी राहून खराब होईल असं हे नेहमी म्हणायचे. रविवारी कोणाला वेळ असेल तर एकदा चालू करून बघाल का? गेटबाहेर नेऊन करा, कोणाला त्रास नको.

बी-301: वहिनी, गेटबाहेर कशाला? पार्किंगमध्येच करू. मी 8 वाजता खाली येतो.

बी-204: टूटी मी आणतो.

डी-304: मला पण बघायचंय. यायला चालेल ना?

बी-204: या. फडकं घेऊन या.