टीव्हीखाली लिनक्सचा उघडा कन्सोल, खरंच कोणाला हवाय का?

तळमजला_पुणे:
लोकहो, विषय जुनाच आहे पण परत काढतोय. नोव्हेंबर 2025 मध्ये व्हॉल्व्हने (स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणारी कंपनी) नवीन स्टीम मशीन जाहीर केलं तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. टीव्हीखाली ठेवायचा डबा, आत विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस), कंट्रोलर उचलला की गेम सुरू, आणि मनात आलं तर डेस्कटॉप उघडून काहीही टाका, नाहीतर सगळं पुसून दुसरी ओएस टाका, कोणी अडवणार नाही. बास, एवढंच हवंय. माझा जुना कन्सोल (ब्रँड सांगत नाही, भांडणं होतात) माळ्यावर धूळ खातोय कारण डिस्क ड्राइव्ह गेली, आणि बाजारातून आणलेली दुसरी तो घेत नाही, म्हणे मदरबोर्डशी जोडी जुळत नाही. पत्रिका बघून लग्न लावल्यासारखं. बाकी मशीन धडधाकट आहे हो!

सेमीफास्ट_कल्याण:
2015 विसरलास का रे? तेव्हाही हेच गाणं होतं. एलियनवेअर, झोटॅक वगैरेंनी स्टीम मशीन काढली, आत डेबियन लिनक्सवर बेतलेलं स्टीमओएस, आणि गेम? खास लिनक्ससाठी बदलून (पोर्ट करून) दिलेले तेवढेच. 2018 पर्यंत स्टोअरच्या मेनूतूनही गुपचूप काढून टाकलं. त्याआधी ओउया, 2012 ला किकस्टार्टरवर 85 लाख डॉलर जमवले, 99 डॉलरचा अँड्रॉइडवाला ‘ओपन’ डबा, 2019 ला सर्व्हर बंद. नव्याचे नऊ दिवस.

श्टुटगार्टकर:
2015 आणि आज यांच्यात प्रोटॉन आहे ना पण, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं व्हॉल्व्हचं सॉफ्टवेअर. ऑगस्ट 2018 ला आलं आणि खेळच बदलला. विंडोजचा गेम जसाच्या तसा, त्याचं डायरेक्टएक्सचं (विंडोजच्या ग्राफिक्सच्या भाषेतलं) बोलणं चालता चालता लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये भाषांतरित होतं, बनवणाऱ्याला पोर्टच करायला लागत नाही. मी 2022 पासून स्टीम डेक (व्हॉल्व्हचाच हातात धरून खेळायचा पीसी) डॉकमध्ये ठेवून टीव्हीवर खेळतोय, आत आर्च लिनक्स आहे हे बायकोला अजून माहीत नाही, आणि माहीत नाही हेच यश आहे.

कऱ्हाडची_मीरा:
डेक तयार मिळतं म्हणून तुमचं सुखात चाललंय दादा. मी जुन्या पीसीवर गेमिंग डिस्ट्रो (लिनक्सचा गेमसाठीचा अवतार) टाकून हॉलमध्ये ठेवला होता, दिवाळीत भाच्यांसमोर मिरवायला. कंट्रोलरचं बटण दाबलं, पीसी जागा झाला, टीव्ही ढिम्म. कारण पीसीच्या ग्राफिक्स कार्डात साधारणपणे सीईसी नसतं, म्हणजे डबा चालू झाला हे टीव्हीला कळायची सोयच नाही. मग रिमोट शोधा, तो सासूबाईंच्या उशीखाली, इनपुट बदला तर मालिका गेली म्हणून त्या नाराज. शेवटी गेम उघडला तर ‘शेडर प्रोसेसिंग’ (ग्राफिक्सची आधीची तयारी) 4 टक्के... 5 टक्के... तोवर पोरं फराळावर. आणि मोठ्याला जो फुटबॉलचा गेम हवा होता तो उघडलाच नाही, अँटीचीटने (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) दारातूनच परत पाठवला. हॉलमध्ये ‘थांबा, टर्मिनल उघडतो’ हे वाक्य चालत नाही एवढंच माझं म्हणणं.

सेमीफास्ट_कल्याण:
हेच्च! फोर्टनाइट नाही, व्हॅलोरंट नाही, एपेक्स चालायचा तर 2024 ला तोही लिनक्सला बंद केला. मित्र जे खेळतात तेच चालत नसेल तर उघडेपणाचं काय लोणचं घालायचंय?

श्टुटगार्टकर:
त्यात लिनक्सचा दोष किती ते बघ. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय ही दोन्ही अँटीचीट प्रोटॉनवर चालू शकतात, 2021 पासून सोय आहे, परवानगी द्यायची की नाही हे गेमवाल्याच्या हातात. मीराताई, सीईसीचं एकदम बरोबर, म्हणूनच नवीन मशीनमध्ये ते दिलंय. खरं दुखणं एचडीएमआय 2.1 चं, म्हणजे टीव्हीच्या केबलच्या मानकाचं आहे. ग्राफिक्स कार्डवाल्या एएमडीने त्यासाठी लिनक्सचा ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेला) ड्रायव्हर तयार केला होता, 2024 ला ते मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने नाही म्हटलं. दुसरा पर्याय डिस्प्लेपोर्ट, तो टीव्हीला सहसा नसतो. म्हणजे सगळं उघडं करून ठेवलं तरी शेवटच्या दीड मीटर केबलला कुलूप आहेच.

पेंग्विन_चाळीतला:
मला एक सांगा, ‘आत लिनक्स आहे’ याचं एवढं कौतुक का? सोनीचा पीएस4 (प्लेस्टेशन) आतून फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच ओपन सोर्स ओएसवर आहे, तुम्हाला काय मिळालं त्यातून? उलट पीएस3 वर सोनीने स्वतःच ‘अदर ओएस’ (दुसरी ओएस टाकायची सोय) दिलं होतं, लोकांनी लिनक्स टाकलं, अमेरिकेच्या हवाई दलाने सतराशेच्या वर पीएस3 जोडून सुपरकॉम्प्युटर उभा केला, आणि सोनीनेच एप्रिल 2010 ला एका अपडेटमध्ये ती सोय काढून घेतली. दिलेलं परत घेता येत असेल तर ते उघडं कसलं. आणि स्टीम क्लायंट (गेम घ्यायचं-चालवायचं स्टीमचं अ‍ॅप) तरी कुठे ओपन सोर्स आहे? उद्या अकाउंट बंद केलं तर डबा तुमचा, गेम त्यांचे.

तळमजला_पुणे:
क्लायंटचं मान्य, त्यावर उत्तर नाही माझ्याकडे. पण फरक आहे राव. स्टीम गेलं तरी त्याच डब्यावर दुसरी डिस्ट्रो टाकता येते, एमुलेटर, जुने गेम, काहीच नाही तर पोरीला अभ्यासाला कॉम्प्युटर. माळ्यावरच्या ठोकळ्याचं मी काय करू, दाराला टेकण लावू?

सेमीफास्ट_कल्याण:
आणि पैसे? कन्सोलवाले मशीन स्वस्तात देऊन गेमच्या विक्रीतून वसूल करतात. उघड्या डब्याला ते परवडत नाही, लोक घेऊन ऑफिसचा पीसी करतील. व्हॉल्व्हने सांगूनच टाकलंय की किंमत पीसीच्या हिशोबाने. त्यात रॅमचे भाव आभाळाला. इथे डेक अधिकृतपणे विकायलाच आणलं नाही, ग्रे मार्केटवाल्याकडून वाट्टेल त्या भावात घ्यायचं आणि बिघडलं की वॉरंटी अमेरिकेत. तुमचं मशीन इथे येईल याची खात्री कोण देतंय?

तळमजला_पुणे:
म्हणूनच वाट बघणार नाहीये. ऑफिसमधला जुना पीसी भंगारच्या भावात मिळतोय, एएमडीचं कार्ड आहे. शनिवारी हॉलमध्ये लावतो. ऑनलाइन गेम मी खेळत नाही, मित्रांना मूल झाल्यापासून तेही खेळत नाहीत. मीराताई, काय काय आणून ठेवू?

कऱ्हाडची_मीरा:
वायरलेस कीबोर्ड. इन्स्टॉल करताना वायफायचा पासवर्ड मागतो, तेव्हा कंट्रोलर कामाचा नाही. आणि शनिवारी रात्री नको करू, मॅच आहे की नाही ते आधी बघ.