मदत हवी आहे: पगारवाढ घेतली तर मुलांच्या सवलती जातील का? (सोलापूर)

नमस्कार. मी शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर आहे. तीन वर्षांपूर्वी नवरा घर सोडून गेला. सोडचिठ्ठी झालेली नाही. मुलगी तिसरीत, मुलगा अंगणवाडीत.

आता महिन्याला 8,000 मिळतात. मालक म्हणतात, चेकिंगला ये, 10,500 देतो. दोन रात्री झोप नाही, नुसता हिशेब चाललाय. 8,000 ने वर्षाचे 96,000 होतात. आम्ही खुल्या गटातले, त्यामुळे मुलाला आरटीईतून (खासगी शाळेतल्या मोफत जागांवर) प्रवेश हवा तर उत्पन्न 1 लाखाच्या आत लागतं. 10,500 ने 1,26,000 होतात, म्हणजे अर्जच भरता येणार नाही.

संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या मदतीची अट तर वर्षाला 21,000 ची. महिन्याला 1,750! दोन पोरं घेऊन एवढ्यात कोण जगतं? मी मशीनवर बसून कमावते म्हणून मी निराधार नाही. दाखले काढून देणारा एक जण म्हणाला, "21,000 चा करून देतो, सगळेच करतात." मला खोटा दाखला नको. तोच उद्या मुलीच्या शाळेत लावायचा आहे.

लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीलाही नवऱ्याचं आधार मागितलं. विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोट झालेलीकडे कोर्टाचा कागद. नवरा निघून गेल्याचा कागद मी कुठून आणू?

बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला 2,250 मिळतात असं कळलं. घटस्फोट नसताना अर्ज करता येतो का? कागद कोणते, ते आधीच सांगा. एका चकरेत एक दिवसाची मजुरी जाते आणि मुलाला शेजारच्या आजींकडे सोडावं लागतं. कायद्याने पाळणाघर 50 कामगारांपासून पुढे, आमच्याकडे 22 जणी आहेत.

प्रतिसाद:
ताई, वाढ घ्या. वर्षाला 30,000 जास्त हातात येतात. आरटीईचा नंबर सोडतीत लागतो, त्याच्या भरवशावर पगार सोडू नका. लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाख आहे, तिथे वाढीने काही बिघडत नाही.

बालसंगोपनाला घटस्फोटच हवा असं नाही, नवऱ्याने सोडलेल्या बाईच्या मुलांसाठीही ती योजना आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. मग घरी चौकशीला येतात आणि बालकल्याण समिती आदेश काढते. मुलीचं बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि खऱ्या उत्पन्नाचा दाखला न्या. घरासमोर मुलांसोबत काढलेला फोटोही न्या, माझ्या बहिणीला फोटो नव्हता म्हणून परत पाठवलं होतं.

नवऱ्याच्या कागदासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. पोटगीचा दावा घटस्फोटाशिवाय लावता येतो. दावा लागला की तुमच्या हातात कोर्टाचा कागद येईल. नवऱ्याचा पत्ता आहे का?

धागाकर्ती:
फार आधार वाटला, खरंच. पत्ता दिरांना माहीत असावा, रविवारी जाऊन विचारते. मालकांना आज होकार कळवला. फोटो दोन्ही मुलांचा एकत्र चालेल की वेगवेगळा लागेल?