भोपाळ संस्थानचा चांदीचा रुपया: सिकंदर बेगमचा की शाहजहान बेगमचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. फारसी आकडे वाचता येणाऱ्या आणि संस्थानी नाणी हाताळलेल्या जाणकारांची मदत हवी आहे.

भोपाळ टांकसाळीचा एक रुपया नुकताच घेतला. वजन १०.८ ग्रॅम, म्हणजे ११.६६ ग्रॅमच्या इंग्रजी रुपयापेक्षा हलका. साचा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे बरीचशी अक्षरं काठाबाहेर गेली आहेत, पण 'भोपाल' स्पष्ट आहे. हिजरी सालातले १, २, ८ हेही नीट लागतात. घोळ आहे तो शेवटच्या आकड्याचा. कुणा सराफाने पारखताना नेमकी तिथेच ठस मारली आहे. विकणाऱ्याने पाकिटावर 'शाहजहान बेगम' लिहून दिलंय. कशावरून, असं विचारलं तर म्हणाला, "भोपाळचे तिचेच धरतात."

असं धरून कसं चालेल? नवरा वारल्यावर १८१९ मध्ये कुदसिया बेगमने तान्ह्या सिकंदरच्या नावाने कारभार हाती घेतला. पुढे सिकंदरने आधी मुलीची, शाहजहानची, पालक म्हणून राज्य चालवलं आणि १८६० पासून स्वतःच्या हक्काने. ३० ऑक्टोबर १८६८ ला ती वारली आणि शाहजहान गादीवर आली. १९०१ ते १९२६ सुलतान जहान. मधली काही वर्षं सोडली तर चार बायकांनी चालवलेलं राज्य! आपल्याकडे भोपाळ म्हटलं की १७३७ ची बाजीरावांची लढाई आठवते, पुढच्या शतकाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आता गणित असं. हिजरी १२८४ एप्रिल १८६८ मध्ये संपतं, म्हणजे ते पूर्ण सिकंदरचं. १२८६ एप्रिल १८६९ ला सुरू होतं, म्हणजे ते शाहजहानचं. मधलं १२८५ मात्र दोघींत वाटलं गेलंय, तिथे नुसत्या सालावरून निकाल लागणार नाही.

भिंगाखाली ठशीच्या खाली एक उभा दांडा दिसतो. फारसी पाच उलट्या पिंपळपानासारखा बंद असतो, तेव्हा तो नसावा. चार आणि सहा दोन्हींना दांडा असतो, फरक वरच्या वळणात, आणि तेच ठेचलं गेलंय. मला उजवीकडे एक बारीक दाता भासतो, म्हणून माझा कल चाराकडे आहे.

विचारायचं ते हे: या दशकातल्या भोपाळच्या रुपयांवर चार आणि सहा कसे कोरलेले असतात? कुणाकडे १२८४ किंवा १२८६ चा स्वच्छ नमुना असेल तर कृपया फोटो टाका. आणि आकडा सोडून दोघींच्या रुपयांत एखादी खूण, फूल किंवा मजकुराची मांडणी बदलते का?

आमच्या वाचनालयात जुन्या नाण्यांचं छोटं प्रदर्शन आहे, त्यात हा रुपया ठेवायचा आहे. 'भोपाळचे नवाब' अशी मोघम पाटी मला लावायची नाही. जिच्या अमलात हा पाडला गेला, त्या बेगमचंच नाव तिथे यायला हवं.

दोन्ही बाजूंचे आणि तिरप्या उजेडात काढलेले ठशीचे फोटो पहिल्या प्रतिसादात देते. नाणं घासलेलं किंवा धुतलेलं नाही, आहे तसंच ठेवलंय.